फक्त कुमारांसाठी, १४ ते १७

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला, हितं सगळी एकदम शिंकाय लागल्यात… हॅलो!

न्हाय हो, दवाखाना न्हवं. बोरगाव. तंबाखूची वखार, कुमाराण्णांची… शिंका ऐकून दवाखाना वाटला व्हय? वाटणारच.

हां, ऑपरेटर… बेळगाव? अर्जंट? हौद्री, हौद्री, लाइन कोड्री… द्या, लाइन द्या…

हॅलो? कोण, आक्का?… शालूआक्का! अगं मी शामू… शामू, तुझा भाऊ. सख्खा… सर्दी न्हवं गं, तंबाखूची धूळ हाय. फोनला हितंच याय लागतंय, आणि हितं आल्यावर मंत्र्याचा आवाजसुद्धा असाच होतोय.

हो, हो… कुठनं बोलतीस?… समितीच्या कचेरीतनं? म्हणजे पुस्तकं निवडायची सभा आजच हाय?… आत्ता चालू हाय? चहाला उठल्यात… बरं. चिडू नको, मी काय पळून चाललो न्हाय.

पुस्तकं? मिळाली की. पाचच्या पाच… वाचली. कव्हरापासनं मागच्या किमतीपर्यंत वाचली… कुणी म्हणजे? ज्याला पाठवलीस त्यानं. कुमारानं.

न्हाय, अनेक न्हवं. कुमार एकच हाय… वय?… आक्का, तू आधी खुर्चीत बस. बसलीस?… पन्नाशी उलटल्या.

अगं ऐक ना… अगं ऐक तर… मला सगळं पाठ हाय तू काय सांगितलं हुतंस. शामू, यंदा मराठीत चौदा-पंधराच्या पोरांसाठी फार वेगळी पुस्तकं निघाल्यात. आमच्या समितीनं सीमाभागातल्या सगळ्या वाचनालयांना ती घ्यावीत, अशी शिफारस मी करणार हाय. तुझ्या वाचनालयातल्या पोरांना वाचायला दे आणि त्यांचं मत मला सभेच्या आधी कळव… बरोबर? शब्द न् शब्द. पण आक्का, पार्सलवर तू स्वतःच्या हातानं काय लिव्हलंस?… आठव… व्हय. ‘फक्त कुमारांसाठी, १४ ते १७.’

वाचनालयाचं नाव हुतं, पण ते सुतळीच्या गाठीखाली गेलतं. वर दिसत हुतं ते एवढंच. बोरगाव, फक्त कुमारांसाठी. आता मष्णूमामा पोस्टमन, त्यांनी काय करावं? आख्ख्या गावात ‘कुमारांसाठी’ असं मानानं म्हणावं असा एकच कुमार हाय. कुमाराण्णा. मष्णूमामा सायकलीवरनं सरळ वखारीत आलं आणि म्हणालं, अण्णा, बेळगावातनं आलंय, दुसऱ्या कुणाला दिऊ नये असंबी लिव्हलंय.

हसू नको. हितं कुणी हसलं न्हाय. कुमाराण्णांना आजवर पोस्टातनं फक्त नोटिसा आल्यात. त्यांनी हात धुतलं, आक्का. टोपी नीट केली आणि मग सुतळी सोडली. तोडली न्हाय, सोडली.

मी परत मागाय आलतो की. न्हाय कसं?… म्हटलं, अण्णा, हे माझ्या वाचनालयाचं हाय. अण्णांनी कागद दाखवला. म्हणाले, वाच. मी वाचलं. म्हणाले, तुझं नाव काय? मी म्हटलं, शामू. म्हणाले, मग?

मी कागद त्यांच्या हातात परत दिला, आक्का.

चौदा ते सतराचं त्यांना काय वाटलं?… सांगतो. त्यांची पोती रेल्वेनं जात्यात न्हवं चिकोडी रोड स्टेशनातनं. त्या माणसाचं आख्खं आयुष्य रेल्वेच्या टाइमावर. चौदा ते सतरा म्हणजे दुपारी दोन ते पाच. दुसरा अर्थच न्हाय! म्हणाले, बाईंनी वेळ ठरवून दिल्या, पाळाय पायजे. दोनच्या ठोक्याला वखारीचं काम बंद. पाचाला पुस्तक बंद. वाक्य अर्धं राहिलं तर अर्धं. एकदा एक पोरगं विहिरीत पडत हुतं तेवढ्यात पाच वाजलं. रात्रभर ते पडतच हुतं. सगळ्या बायका दुसऱ्या दिवशी दीडलाच येऊन बसल्या.

हां, बायका सांगायच्या राहिल्या. अगं, वखारीत तंबाखू निवडाय तीसेक बायका असत्यात. काम बंद केल्यावर त्या काय करणार? एकीनं इचारलं, अण्णा, मनात काय वाचतायसा, जरा मोठ्यानं वाचा की. झालं.

हो… हो… आत्तापण तेच चाललंय. दुसऱ्यांदा. पहिली फेरी झाली, आता परत पहिल्यापासनं. तुझा फोन आला म्हणून थांबलंय, सगळी माझ्याकडं रागानं बघत्यात… अण्णा, पाच मिंटं हो. आक्का हाय. व्हय, व्हय, त्याच. पुस्तकंवाल्या बाई… आक्का, अण्णा तुला नमस्कार सांगत्यात. म्हणत्यात, बाईंनी आमचं मन बरोबर ओळखलं.

तू काय म्हणतीस? रडतीस का हसतीस?… ठरवून सांग.

अगं, तुझं काम बुडालं न्हाय. तुला पोरांचं मत पायजे न्हवं? पोरं आली की. सकाळची शाळा सुटली की आईला डबा द्यायला आली आणि बसली. मग डब्याबिगर आली. आता खिडक्यांत बसल्यात, वखारीच्या पत्र्यावर बसल्यात, पोत्यांच्या थप्पीवर एकावर एक बसल्यात. निपाणीत रंगीत टीव्ही आल्यापासनं आमच्या वाचनालयात फक्त पाली येत हुत्या. मी खोटं सांगत न्हाय, मी त्यांना ओळखतो. आणि हितं, तंबाखूच्या धुळीत, चाळीस पोरं एका पुस्तकापुढं बसत्यात. मी रोज दारात उभा राहून बघतो. तोंडात मारल्यावानी बघतो.

कुठली आवडली?… थांब, सांगतो की. पहिल्यांदा ‘काहिलीतली पाणबुडी’. तीच गं, तीन पोरं गूळ आटवायच्या काहिलीवर दुसरी काहील पालथी मारून पाणबुडी करत्यात आणि शेतातल्या विहिरीत उतरत्यात… पोरांना? पोरं दोन दिवस झोपली न्हायत. पण अण्णांना शंका. म्हणाले, एवढा लोखंडी ऐवज अलगद खाली जाईल कसा? मग त्यांनी आपल्या मळ्यातल्या विहिरीत रॉकेलचं रिकामं पिंप सोडलं, पुस्तकातल्यासारखी वाळू भरत भरत. सगळी वखार काठावर उभी. पिंप पुस्तकात लिव्हल्यासारखंच गेलं, तिरकं हून, बुडबुडं सोडत. अण्णांनी काठावरनं वाकून बुडबुडं मोजलं. म्हणाले, हे लिव्हणारा खरा माणूस हाय.

न्हाय, पिंप वर आलं न्हाय. तो दुसरा भाग असंल.

मग ते डॉक्टरबाईंचं. वयात येताना शरीर कसं बदलतं, ते… वाचलं की. म्हणजे अण्णांनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या पानावर अडखळले. मग चष्मा पुसला, पुस्तक तंबाखू निवडणाऱ्या रुक्माबाईच्या हातात दिलं, सगळ्या बाप्या माणसांना बाहेर काढलं आणि वखारीला कुलूप लावलं. आतनं बायका-पोरी वाचाय लागल्या. बाहेर आम्ही. अण्णा कुलपाला पाठ लावून राखणीला बसले, पाच वाजेपर्यंत. मधनं कोण तरी तंबाखू बघाय आला, तर म्हणाले, आज माल न्हाय, आज शाळा हाय.

कवितांचं?… कवितांचं आधी भांडण झालं. ओळी अर्ध्यावर का सोडल्यात, कागद वाया गेला म्हणाले. आता पोत्यांवर खडूनं नंबर घालणाऱ्या पोरी नंबराखाली एकेक ओळ घालत्यात. सांगलीचा व्यापारी परवा ट्रकमधनं उतरून पोती वाचत हुता. नमुना बघाय आलता, तो बघितलाच न्हाय.

हो, हो… सांगतो. ‘खोली नंबर पाच’ न्हवं का? तेच सांगाय लागलोय.

आक्का, त्याचं मला धड सांगाय येणार न्हाय… अगं, ते वसतिगृहातल्या पोराचं. पहिल्या रात्री जेवाय बसताना ते आपलं ताट सवयीनं जरा बाजूला ठेवतं. लांब न्हाय, जरा. आणि दुसरं पोरगं काय न बोलता आपलं ताट उचलून त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवतं. एवढंच हाय त्या पानात. आता तुला म्हाईत हाय, ह्या वखारीत माणूस दर मिंटाला शिंकतोय. मुकादम शिंकतोय, मांजर शिंकतंय. पण त्या पानाला, आक्का… एक शिंक आली न्हाय. मग रुक्माबाई म्हणाली, अण्णा, तेवढं ताटाचं परत वाचा. तिचा लेक निपाणीत वसतिगृहावरच हाय गं. अण्णांनी परत वाचलं. ती म्हणाली, अजून एकदा. तिसऱ्यांदा अण्णांचा आवाज बसला. म्हणाले, धूळ.

न्हाय, मी कुठं रडतोय. धूळच हाय.

हां? कोण?… ऑपरेटर? तीन मिंटं झाली?… एक्स्टेन्शन माड्री, साहेब, वाढवा जरा… काय? आधीच सहा झाली? मग तोडला कसा न्हाय तुम्ही?… ऐकत हुता! बरं, ऐका, पण गप ऐका. पुस्तकाच्या वेळी बोलायचं न्हाय, आमच्यात नियम हाय.

हां आक्का, बोल. तुझा आवाज असा का आला एकदम?… कुठलं? ‘दोन पाट्यांचा फाटा’?… नापास? कोण म्हणतंय?

सगळ्यात आधी तेच घ्यायला पायजे तुम्ही! तू म्हणाली हुतीस न्हवं, चार न्हाय घेतली तरी चालतील, हे गेलं पायजे सगळ्या गावांत. मग?… अध्यक्षसाहेब अडून बसल्यात… शेवटचं पान फाटलंय? असं म्हणत्यात?

न्हाय गं, फाटलं न्हाय. हितं अण्णांनापण तेच वाटलं. अगं, त्यांनी पुण्याला प्रकाशकाला तार केली. खरंच तार! ‘शेवटचं पान मिळालं नाही. यमू फाट्यावर उभी आहे. तातडीनं कळवा.’ तारमास्तर घाबरले. म्हणाले, अण्णा, कोण ही यमू, नात्यातली काय? अण्णा म्हणाले, व्हय.

प्रकाशकाचं उत्तर?… आलं. ‘पुस्तक एवढंच आहे.’ अण्णांनी ते खिशात ठेवलंय. म्हणत्यात, पुण्याची माणसं पान दाबून ठेवत्यात.

म्हणजे तुमच्या साहेबांना नुसतं पान न्हाय म्हणून अडचण न्हाय?… मग? काय?… कुठली बस?… आक्का, परत सांग, मला वाटलं शिंकेत ऐकाय चुकलं… म्हणजे यमू महाराष्ट्राच्या बसमध्ये चढली का कर्नाटकाच्या, हे कळल्याशिवाय साहेब सही करणार न्हायत?

अगं, खरं हाय की त्यांचं! न्हाय, मी चेष्टा करत न्हाय… पंधरा वर्षांची यमू फाट्यावर उभी हाय. एका पाटीवर मराठी, एका पाटीवर कन्नड. एक बस घराकडं जाणार, एक नर्सिंगच्या शाळंकडं. दोन्ही बाजूंनी दोन्ही बसचा धुरळा दिसतोय आणि शेवटची ओळ काय, तर ‘यमूनं हात वर केला.’ खलास. कुठल्या बसला, पत्ता न्हाय. आता ती कोल्हापूरच्या बसमध्ये बसली तर अनुदानाची फाइल कुठं अडकंल? आणि बेंगळूरकडच्या बसमध्ये बसली तर येळ्ळूरची सीमालढ्याची मंडळी तुमच्या कचेरीत किती वाजता येतील? साहेबांचा काय दोष? कुणीतरी मुद्दाम पान फाडलंय असंच वाटणार. मलापण मनात आलतं.

पोरांचं मत सांगितलंस का त्यांना?… ‘एका तरी वाचकाचं नाव सांगा, चौदा ते सतरा वयाच्या.’ असं म्हणाले? आणि तू काय सांगणार, कुमार, वय बावन्न.

थांब, थांब. हाय एक. मालू… अगं, कुमाराण्णांचीच थोरली. नववीत हाय, पंधरा पुरी. ती अण्णांना जेवाय बोलवाय आलती पहिल्या दिवशी. दारात उभी राहून म्हणाली, अण्णा, लाज न्हाय वाटत, ही माझ्या वयाची पुस्तकं हायत. अण्णा म्हणाले, पार्सलावर तुझं नाव दाखव. तेव्हापासनं ती रोज येती आणि अण्णांकडं पाठ करून ऐकती. आणि ते फाट्याचं पुस्तक संपल्यापासनं तर दोघं एकमेकांशी बोलत न्हायत.

कशावरनं म्हणजे? बसवरनंच! अण्णा म्हणाले, आता आणि काय, यमूनं घराकडच्या बसला हात केला, पोर शहाणी हाय. मालू म्हणाली, कोण म्हणालं? अण्णा म्हणाले, मी म्हणतो. मालू म्हणाली, तुम्ही कंडक्टर हाय काय? तेव्हापासनं घरात ताट आदळत्यात. मालू वखारीत डबा आणती, तर भाकरीसुद्धा रुक्माबाईच्या तोंडनं मागत्यात अण्णा.

हाय, हितंच हाय. थप्पीवर बसल्या, पाठ करून… ए मालू! खाली ये. बेळगावचा फोन हाय… तुझं नाव घेतलं म्हणून काय झालं, उतर… अण्णा, जरा तुम्ही तिकडं बघा बघू. न्हाय, अजून, भिंतीकडं.

आक्का, ती म्हणती, माझं मत कुणाला पायजे?… व्हय, तसंच म्हणाली. वर ‘कशाला’ पण म्हणाली… पोरींचं असंच असतंय या वयात, तूपण अशीच हुतीस की. तोंड फुगवून पेरूच्या झाडावर बसायचीस… बरं, बरं, न्हाय सांगत कुणाला.

काय? साहेब स्वतः घेत्यात फोन? अगं, आधी सांगायचं न्हवं… हॅलो?

नमस्कार साहेब. मी शामू, सार्वजनिक वाचनालय, बोरगाव… हो साहेब. वखारीतनं बोलतोय… हो, वाचनालय सध्या वखारीत आहे. म्हणजे इमारत तिकडंच आहे, वाचक इकडं आलेत… नाही साहेब, ठराव वगैरे केला नाही. ते आपले आपणच आले.

हो… हो साहेब… पान फाडलेलं नाही. आमच्याही प्रतीत तितकीच पानं आहेत… नाही साहेब, आम्हीही नाही फाडलं. आमच्याकडं उलट तिथं एक जण रोज बोट फिरवून बघतोय, चिकटलंय का म्हणून.

बस?… नाही साहेब, मला माहीत नाही. खरंच नाही… मी बी. ए. आहे, पण बस मला नाही कळली… साहेब, मी विनोद करत नाही. माझा आवाजच असा आहे. लहानपणापासनं. माझ्या आजोबांच्या दहाव्याला मी खरं रडत हुतो, तरी लोक हसली.

हो, आहे ना. पंधरा वर्षांची, नववी, हजेरीपटावर नाव आहे. इथंच उभी आहे माझ्याशेजारी. आता एक सांगतो साहेब, हे गंमत म्हणून नाही. मी वाचनालयात काम करतो म्हणून सांगतो. मी आजवर पोरांना पुस्तक द्यायचो म्हणजे काय, तर वाईट वागू नका असं सांगणारं पुस्तक द्यायचो. मुलं ते मुकाट्यानं न्यायची आणि मुकाट्यानं आणायची. ह्या पाच पुस्तकांवरनं भांडणं झाली, साहेब. बापलेकीचं बोलणं बंद झालं. लोकांनी विहिरीत पिंप बुडवलं. एक बाई एक पान तीनदा ऐकून घरी गेली आणि लेकाला भेटाय निपाणीला बसनं गेली. मी हे बघितलंय. मला ह्याचं काय करावं ते कळत नाही, पण तुम्ही ते थांबवू नका एवढं कळतं… हो साहेब. बोललो जास्त. माफ करा.

तिच्याशी बोलता? देतो, देतो… मालू, घे. साहेब हायत, अध्यक्ष… उलटा धरलास, उलटा! हां. तिथं कान, हितं तोंड. बोल.

हॅलो… हां, मी मालू. मालुबाई कुमार… हां, त्यांचीच… नववी ब… नमस्कार.

हां, वाचलंय. म्हंजी ऐकलंय. मग रात्री अण्णा झोपल्यावर त्यांच्या उशाखालनं काढून वाचलं… न्हाय, त्यांना म्हाईत न्हाय… आता झालं.

हां, शेवटपर्यंत. यमूनं हात वर केला… तिथंच संपतंय. पान गेलेलं न्हाय, साहेब.

कुठल्या बसला?… तुम्हीपण अण्णांसारखंच इचारताय… न्हाय, रागानं न्हवं. पण साहेब, बस थांबली का न्हाय हेच पुस्तकात न्हाय, तर ती कुठल्या राज्याची हे कशाला पायजे? आमच्या फाट्यावर तर दोन्ही राज्यांच्या बस थांबत न्हायत. भरून येत्यात आणि तशाच जात्यात… हां, खरंच. कवापण येऊन बघा. शनिवारी तर लईच.

मला काय वाटतं?… मला वाटतं तिलाच अजून म्हाईत न्हाय. दोन्ही बसचा धुरळा दिसतोय, तिला एवढंच कळलंय की आता उभं राहायचं न्हाय. म्हणून हात वर. बस मागनं ठरंल… न्हाय, लेखकानं टाळलेलं न्हाय. लेखकानं ठरवलं असतं तर मग यमूचं काय राहिलं? सगळं सगळीच ठरवत्यात तिचं. वडील ठरवत्यात, मामा ठरवतोय, शाळंतले सर ठरवत्यात. त्या पुस्तकात ती पहिल्यांदा स्वतः काय तरी करती आणि ते शेवटच्या ओळीत हाय. त्याच्या पुढं अजून एक पान लावलं तर ते पण तुमचंच हुणार.

हॅलो?… साहेब?… हायसा न्हवं?

एक इचारू काय? तुम्ही पंधरा वर्षांचं हुता तवा तुम्हाला म्हाईत हुतं काय, मोठं झाल्यावर पुस्तकांच्या समितीत बसणार म्हणून?… न्हाय न्हवं… काय व्हायचं हुतं?… सर्कशीत?… खरं सांगताय?… झोक्यावरचं काम व्हय, ते एकमेकांचं हात धरायचं… मग गेला का न्हाय?… आईनं स्टँडवरनं परत आणलं. हां… हां… न्हाय, मी हसत न्हाय. मी कुणाला सांगणार न्हाय. इथं तीस बायका ऐकत्यात, पण त्यांना फक्त माझंच ऐकाय येतंय.

हां, ऐकते… सगळ्या वाचनालयांना?… किती गावांना?… हिंडलग्याला पण? येळ्ळूरला?… मंजूर म्हंजी नक्की? आता सही करताय? करा, मी थांबते.

शामूदादा, मंजूर! आहे तसंच, पान न लावता… काकी, शिंकू नकोसा, साहेब सही कराय लागल्यात!

हां साहेब… झाली?… बरं… न्हाय, माझं कसलं, शालूताईंनी निवडल्यात पुस्तकं… हां, सांगते त्यांना.

काय?… मी?… मी कुठल्या बसला हात केला असता?

साहेब, ते तुम्हाला आता न्हाय सांगत… न्हाय, म्हाईत हाय की मला. चांगलं म्हाईत हाय. पण अण्णांनी भिंतीकडनं तोंड फिरवलंय आणि हितंच उभं हायत, अगदी जवळ… ठेवते.